ओठांत धरलेल्या टाचण्या

हे मी रोज सकाळी नऊ ते दहा एवढ्याच वेळात लिहिते आहे. आठला गोळी घेते, ती नऊच्या सुमारास लागू पडते, आणि मग थोडा वेळ माझे डोळे, मान आणि बोटं माझं ऐकतात. दहा वाजून गेले की वहीतल्या एका ओळीच्या दोन ओळी दिसायला लागतात. मग मी वही मिटते.

आजाराची माहिती मोबाइलवर कुणालाही वाचता येईल. मी इथे सांगणार आहे ते आमच्या घरात काय झालं, मी काय लपवलं, आणि त्यामुळे एका शनिवारी दुपारी काय होऊन बसलं, ते. कुणाला उपयोग झाला तर झाला.

मोहरी रंगाची मखमल

माझं नाव सुजाता, वय बेचाळीस. कामोठ्याच्या एका शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. नवरा प्रदीप उरणकडच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर. मुलगी सम्यका बारावीला. चौथ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, परभणीकडे आमच्यात तीच पद्धत आहे. करंजाड्याला आम्ही फ्लॅट घेतला, हॉलमध्ये सोफा आला, आणि सम्यकाने सीवूड्सच्या मॉलमध्ये एक उशी पाहिली. झोपायची नाही, सोफ्यावर शोभेला ठेवतात ती. चौकोनी, मोहरी रंगाच्या मखमलीची, चारही बाजूंच्या चुण्या मध्यभागी ओढून मोठ्या बटणात धरलेल्या, कडेने पायपिंग, म्हणजे आत दोरी घालून शिवलेली किनार.

"मम्मी, अशी एक तरी पाहिजे," ती म्हणाली.

"विकत कशाला? मी शिवते," मी म्हटलं. लग्नाआधी मी आईच्या हाताखाली ब्लाउज, फ्रॉक, परकर सगळं शिवलेलं होतं. मोटार बसवलेलं मशीन घरात होतंच. पनवेलच्या बाजारातून मीटरभर मखमल आणली.

मखमल शिवायला अवघड. दोन पदर एकमेकांवर ठेवले की मशीनच्या पायाखाली ते सरकतात, म्हणून टाचण्या जवळजवळ लावाव्या लागतात. शिलाई पुढे गेली की एकेक टाचणी काढायची. काढलेल्या टाचण्या मी ओठांत धरायची. आई तशीच धरायची, तिचं बघून मलाही सवय लागली होती.

पहिल्याच रविवारी सुई ओवताना मला दोन सुया दिसल्या. एक खरी, आणि दुसरी तिच्या शेजारी, जरा वर. मी डोळा चोळला. एक डोळा मिटला तेव्हा एकच सुई राहिली, तिच्यात दोरा गेला. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून नवा चष्मा केला. त्याने काही फरक पडला नाही. सकाळी मारलेली शिलाई सरळ यायची आणि संध्याकाळी मारलेली नागमोडी. संध्याकाळची उसवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी परत मारायची, असं दोन आठवडे चाललं.

मग डावी पापणी खाली यायला लागली. शाळेत दुपारनंतर फोनवर बोलताना माझा आवाज नाकातून यायचा. एका पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की ऑफिसातल्या बाई नीट बोलत नाहीत, तोंडात काहीतरी ठेवून बोलतात.

सकाळी बरी, संध्याकाळी आजारी

या आजाराचा सगळ्यात मोठा त्रास हा की सकाळी माणूस धडधाकट असतो. मी सहाला उठून चार डबे करायची, कपडे वाळत घालायची, पळत रिक्षा पकडायची. संध्याकाळी घरी आले की कणीक मळताना हात गळून परातीत पडायचे. केस विंचरायला हात वर धरता यायचे नाहीत.

"आगं, सकाळी तर कशी पळायलीस," आत्या म्हणायच्या. "स्वयंपाकाची वेळ झाली की काय होतंय तुला? मला तर काही समजंना."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच समजत नव्हतं, आणि मलाही समजत नव्हतं. त्यांनी शेतात राबून चार लेकरं वाढवली आहेत. दमणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि माझं दमणं त्यात कुठेच बसत नव्हतं.

प्रदीप उठून कुकर लावायचा, झाकण जरा जोरात आपटायचा. एकदा आत्यांशी बोलताना त्याचा आवाज माझ्या कानावर आला. "रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं नॉर्मल आहे आई. तिला शाळेचं टेन्शन आहे, बाकी काही नाही." त्या दिवसापासून मी घरात सांगणं कमी केलं. पापणी पडली की बाथरूममध्ये जाऊन थंड पाणी मारायची. पाच मिनिटं बरं वाटायचं.

बर्फ

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला चिठ्ठी दिली आणि आम्ही खारघरला न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. प्रदीपने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. तो खुर्चीत बसून यार्डाचे मेसेज बघत होता.

डॉक्टरांनी मला छताच्या पंख्याकडे टक लावून बघायला सांगितलं. मिनिटभरही झालं नसेल, डावी पापणी पडदा सोडावा तशी खाली आली. त्यांनी फ्रीजमधून बर्फाचे खडे आणवले, हातमोज्यात भरले आणि माझ्या मिटलेल्या डोळ्यावर धरले. दोन मिनिटं. गार पाणी गालावरून गळ्यात जात होतं.

"मिस्टर, फोन ठेवा आणि इकडे बघा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बर्फ काढला. "आता उघडा डोळा."

डोळा सताड उघडला. प्रदीप उठून जवळ आला. त्याने फोन खिशात घातला.

"हे टेन्शन नाही, आळसही नाही," डॉक्टर त्याच्याकडे बघून म्हणाले. "नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. जितकं वापरावं तितका कमी पोचतो. विश्रांती घेतली की थोडा परत येतो. रक्ताची एक तपासणी करू, पण मला जवळजवळ खात्री आहे. मायस्थेनिया."

तो शब्द मी तीनदा म्हणून बघितला. आधी मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. कुणीतरी नाव दिलं होतं. मग प्रदीपने विचारलं, "बरा होतो का?" आणि डॉक्टर म्हणाले, "आटोक्यात राहतो." त्या दोन शब्दांनी माझं रडू जागच्या जागी थांबलं.

निघताना त्यांनी एक गोष्ट कागदावर लिहून दिली आणि मोठ्याने वाचून दाखवली. रोज एका दमात आकडे म्हणायचे. पाणी नाकातून परत यायला लागलं, घास अडकायला लागला, किंवा एका दमात वीसच्या पुढे जाता येईना, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. "हा आजार डोळ्यांपासून सुरू होतो, पण श्वासाचेही स्नायूच असतात," ते म्हणाले.

सम्यकाने तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवला. मी तेव्हा एका दमात अडतीसपर्यंत जात होते.

जे मी सांगितलं नाही

गोळ्यांनी सहा आठवडे चांगले गेले. शाळेतला फोन मी परत घेऊ लागले. आत्या म्हणाल्या, "बघ, गोळ्यांनी गुण आला." उशीचं काम पुढे सरकलं. मागची बाजू कापून झाली, चेन बसली, पायपिंग तीन बाजूंनी लागलं.

मग सर्दी झाली. साधी सर्दी, घरात सगळ्यांना झाली होती. तिसऱ्या दिवशी शाळेत डबा खाताना मी पाणी प्यायले आणि ते नाकातून खाली आलं. मी रुमाल लावला. शेजारच्या बाईंना वाटलं शिंक आली.

कागदावर काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. तरी मी घरी सांगितलं नाही. ते का, हे इथे खरंखरं लिहायला हवं. सम्यकाची पूर्वपरीक्षा सुरू होती. प्रदीपच्या सुट्ट्या माझ्या तपासण्यांत संपल्या होत्या. आणि घरात नुकतीच शांतता आली होती. परत मी आजारी पडले असं सांगायची मला लाज वाटत होती. दोन महिने माझ्यावर विश्वास नव्हता, आता कुठे बसला होता, तो इतक्यात परत वापरायचा माझा धीर होईना.

मी एकटी जेवायला लागले. भात मऊ शिजवून त्यात वरण कालवायचं, हनुवटी छातीला लावून गिळायचं. "तुम्ही बसा, मी मागून बसते," म्हटलं की कुणी विचारत नाही. बाईचं मागून जेवणं घरात कुणाच्या डोळ्यावर येत नाही. सम्यकाने आकडे म्हणायला सांगितले की "मघाशीच म्हटले, छत्तीस आले," असं खोटं सांगायची.

आणि संध्याकाळी उशी घेऊन बसायची. ती पूर्ण झाली की मी बरी आहे हे सगळ्यांना दिसेल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

शनिवार

शाळेला अर्धा दिवस होता. दुपारचे चार वाजले असतील. प्रदीप ड्युटीवर, आत्या आतल्या खोलीत पडलेल्या, सम्यका हॉलच्या टेबलावर कानात हेडफोन घालून अभ्यास करत होती. मी तिच्याकडे पाठ करून मशीनवर बसले होते. शेवटची बाजू राहिली होती.

मी चार टाचण्या काढल्या आणि ओठांत धरल्या. पाचवी काढायला वाकले तेव्हा खालचा ओठ सुटला.

सुटला म्हणजे मी तोंड उघडलं नाही. मी ते मिटत होते आणि ते मिटत नव्हतं. एक टाचणी मांडीवर पडली. एक कुठे गेली कळलं नाही. दोन आत सरकल्या. एक जिभेवर आडवी होती, दुसरीचं टोक घशाच्या बाजूला टोचत होतं.

मी थुंकायला गेले. फुंकर मारायला लागतो तेवढा जोर तोंडात नव्हता. जिभेने ढकलायला गेले, जीभ हलली नाही. हाक मारायची तर आधी श्वास आत घ्यावा लागतो, आणि श्वासाबरोबर टाचणी आत गेली असती. मी श्वास अर्धा धरून बसले. लाळ हनुवटीवरून मखमलीवर पडत होती. मुलगी माझ्यापासून सहा फुटांवर होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं.

मग मी पायाखालचं पेडल पूर्ण दाबलं आणि दाबून धरलं. मशीन सुसाट सुटलं. कापड गोळा होऊन सुईखाली अडकलं, सुई मोडली, तरी मोटार घरघरत राहिली. मी पाय काढला नाही.

"मम्मी, काय करतेस?" हेडफोन काढल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली.

मान आपोआपच खाली पडली होती, ते बरं झालं. सम्यका माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, तिने तोंडात बघितलं आणि ती पांढरी पडली. पण तिने दोन बोटं आत घातली. पहिली निघाली. दुसरीच्या वेळी तिचं बोट टोचलं, रक्त आलं, तिने हात बाहेर घेतला नाही. दुसरीही निघाली.

"किती होत्या?"

मी चार बोटं दाखवली. तिने मांडीवरची उचलली. तीन झाल्या. आम्ही दोघी जमिनीवर बघत राहिलो. चौथी नव्हती.

आत्या आवाजाने बाहेर आल्या होत्या. "काय झालं गं हिला? तोंडातून लाळ का गळायली?"

"मम्मी, आकडे म्हण," सम्यका म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

मी म्हणायला लागले. आवाज माझा नव्हता. चौदाला हवा संपली.

तिने प्रदीपला फोन लावला. "येतो, तासाभरात पोचतो, थांबा," तो म्हणत होता, ते मलाही ऐकू येत होतं. सम्यका म्हणाली, "पप्पा, चौदा." मग तो म्हणाला, "थांबू नका. निघा."

रिक्षात मी पुढे वाकून बसले, लाळ बाहेर पडावी म्हणून. मान उभी राहत नव्हती. आत्यांनी एक हात माझ्या कपाळाला लावला आणि एक मानेमागे, आणि पनवेलपर्यंत माझं डोकं तसंच धरून ठेवलं. सम्यका प्रत्येक सिग्नलला आकडे म्हणायला लावत होती. अकरा. नंतर नऊ. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि काही न विचारता हॉर्नवर हात ठेवला.

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावलं. "ऑक्सिजन चांगला आहे. टाचणीने घाबरल्यात. एक्स-रे काढू, तोवर शांत बसा."

"सर, तिला मायस्थेनिया आहे," सम्यकाने फाइल पुढे केली. "पहिलं पान वाचा. तिला आकडे म्हणायला लावा, एका दमात."

"अगं, ऑक्सिजन—"

"एकदाच, सर."

त्यांनी मला खूण केली. मी सातपर्यंत गेले. आठ म्हणायला तोंड हललं, आवाज निघाला नाही. त्या डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी वळून कुणाला तरी मोठ्याने हाक मारली आणि माझा पलंग चाकांवर हलायला लागला. छतावरचे दिवे दोन दोन होऊन मागे जात होते. एक्स-रेमध्ये टाचणी कुठेच नव्हती, हे मला चार दिवसांनी कळलं.

पापणी

श्वासाची नळी घातली. मशीन माझ्यासाठी श्वास घेत होतं. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण पहिली भावना सुटकेची होती. श्वास घेण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलं होतं.

भीती नंतर आली. दोन्ही पापण्या मिटलेल्या, त्या उघडेनात. मी पूर्ण जागी होते. सगळं ऐकू येत होतं. येणारे जाणारे म्हणत, "पेशंट झोपलीय." कुणी माझ्या पायावर फाइल ठेवली. मी आतून ओरडत होते आणि बाहेर बोटसुद्धा हललं नव्हतं.

सकाळच्या पाळीला एक सिस्टर होत्या. त्यांनी अंग पुसताना माझा उजवा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ताई, ऐकू येतंय ना? येत असेल तर बोट हलवायचा प्रयत्न करा. घाई नाही." त्या थांबून राहिल्या. मी पूर्ण ताकद तर्जनीत आणली. ती हलली असावी, कारण त्यांनी लगेच पलीकडच्या सगळ्यांना सांगितलं, "ह्या जाग्या आहेत, ह्यांच्यासमोर जपून बोला." तेव्हापासून एक बोट म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही. आयसीयूतल्या कुणासाठी तुम्हाला काही करता येणार असेल, तर एवढं करा. त्यांना विचारा, आणि उत्तराला वेळ द्या.

प्रदीप रोज पाच मिनिटांसाठी यायचा. त्याला काय बोलावं कळायचं नाही. तो यार्डातलं सांगायचा, कुठली क्रेन बंद पडली, कुणाची बदली झाली. पाचव्या मिनिटाला माझ्या पायाच्या अंगठ्याला हात लावून जायचा.

तिसऱ्या दिवशी आत्या आल्या. त्यांची चाल मला ओळखता येते, एक पाय जरा ओढतात. त्या पलंगाजवळ आल्या. मग माझ्या कानाजवळ म्हणाल्या, "सुजाता, आत हाईस ना तू?"

मी बोट हलवलं. त्यांना बहुतेक दिसलं नाही. पुढच्या क्षणी माझ्या डोळ्यावर खरखरीत अंगठा टेकला आणि त्यांनी पापणी उचलली. मग दुसरीही.

तीन दिवसांनी मला काहीतरी दिसलं, आणि ते त्यांचं तोंड होतं. अगदी जवळ, कपाळावरचं हिरवं गोंदण, ओठांवरच्या सुरकुत्या. तेही दोन, एकावर एक.

"दोन दोन दिसायलेत का?" त्यांनी विचारलं. सम्यकाने त्यांना तेही सांगितलेलं होतं.

मी बोट हलवलं. या वेळी त्यांची नजर तिकडे होती.

"बघ मग नीट," त्या म्हणाल्या. "दोन्ही मीच हाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांच्या अंगठ्यावर गेलं. सिस्टर धावत आल्या, "आजी, डोळ्याला हात लावायचा नाही, इन्फेक्शन होईल," म्हणाल्या. आत्यांनी पापण्या हळूच मिटवल्या, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशा. माझं दुखणं न ओळखल्याबद्दल त्यांनी माफी मागितली नाही, आजपर्यंत मागितलेली नाही. मला त्याची गरज राहिलेली नाही.

एक दिवसाआड माझं रक्त एका मशीनमधून फिरवून, गाळून परत अंगात सोडलं. असं पाच वेळा. तिसऱ्या वेळेनंतर उजवी पापणी अर्धी उघडली. अकराव्या दिवशी नळी निघाली. घसा सोललेला होता. सम्यका काचेपलीकडे उभी होती, मी तिच्याकडे बघून आकडे म्हणायला लागले. सोळापर्यंत गेले. तिने काचेला कपाळ टेकवलं.

घर

घरी आल्यावर सगळं गोड झालं असं नाही. स्टिरॉइडने माझा चेहरा सुजून गोल झाला, भूक वाढली आणि डोकं सारखं तापायचं. एका संध्याकाळी प्रदीपवर मी ओरडले. "दोन महिने तुम्ही मला नाटकी समजत होता."

"समजत होतो," तो म्हणाला. त्याने ते टाळलं नाही. "माझं चुकलं. पण तू पाण्याचं सांगितलं नाहीस. पोरीला खोटे आकडे सांगितलेस. ती त्या दिवशी क्लासला गेली असती तर? मी घरी आलो असतो आणि मला काय दिसलं असतं, सांग."

सम्यका दारात उभी होती. ती रागाने म्हणाली, "भांडू नका. मम्मी, तू दुपारी झोपतेस तेव्हा मी दर दहा मिनिटांनी येऊन बघते, तुझं पोट हलतंय का. माझा अभ्यास होत नाही. तुला माहितीये का हे?"

मला माहीत नव्हतं. क्लासच्या सराव पेपरांत तिचे मार्क का गेले, ते मला त्या क्षणी कळलं. त्या दिवशी आम्ही ठरवलं की आकडे मी रोज दोनदा सगळ्यांसमोर म्हणायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. लपवायला जागाच ठेवायची नाही. दुपारी आत्या माझ्याजवळ बसतील आणि सम्यका लायब्ररीत जाईल. पहिले काही दिवस ती लायब्ररीतून फोन करायची. मग तेही थांबलं.

मशीनखाली अडकलेली उशी आत्यांनी कात्रीने सोडवून ठेवली होती. चौथी टाचणी त्यांना तिथेच सापडली, पायपिंगच्या शिवणीत घुसलेली. सम्यकाने टाचण्यांचा डबाच फेकून दिला आणि कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे आणून दिले. मखमलीला ते बरे पडतात, हे शिवणाऱ्या बायकांसाठी सांगून ठेवते.

मी रोज सकाळी वीस मिनिटं बसले. फाटलेली बाजू उसवली, तिथे नवीन पट्टी लावली, पायपिंग हाताने टाचलं. चुण्या बटणात ओढायला जोर लागतो, तो माझ्या हातात नव्हता. मी दोरा दाखवायची, आत्या आणि सम्यका दोन बाजूंनी ओढायच्या आणि प्रदीप बटण दाबून धरायचा. एका बाजूच्या चुण्या जाड आल्या. मॉलमधल्यासारखी ती दिसत नाही. सोफ्यावर आहे, आणि मी दुपारी तिच्यावर मान टेकते.

ओपीडी

छातीत हाडामागे एक ग्रंथी असते, ती माझी वाढलेली आहे, आजार तिथूनही बळावतो. ती काढायचं ठरलं आहे, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. मला भीती वाटते. नळीची सगळ्यात जास्त. ती मी घरात सांगितली आहे.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला परवा खारघरला गेलो होतो. ओपीडीत गर्दी होती. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, पस्तिशीची असेल, नवऱ्याबरोबर उरणजवळच्या मोरा बंदरावरून आलेली. त्यांची स्वतःची होडी होती. तिने हनुवटीखाली मूठ लावून मान वर धरली होती. दोन्ही पापण्या अर्ध्यावर.

"हिला सारखी झोप येते," नवरा कंपाउंडरला सांगत होता. "मासली विकाया बसली का दुपारची पेंगते. गिऱ्हाईक हसतात."

कंपाउंडर म्हणाला, तुमचा नंबर सत्तावीस, दोन तास लागतील. नवरा चहा प्यायला खाली गेला.

मी तिच्याकडे सरकले. "गिळताना त्रास होतो का तुम्हाला?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. नवरा दिसत नव्हता.

"पानी पिलं का नाकातून येतं, ताई," ती हळू म्हणाली. आवाज नाकातला होता. "चार दिस झाले. यांना सांगितलं नाय अजून. सीझन चालू हाय, होडी सोडून ते कसे येनार."

मी तिला एक मोठा श्वास घ्यायला सांगितला आणि तो सोडता सोडता आकडे म्हणायला लावले. ती आज्ञाधारक मुलीसारखी म्हणायला लागली. प्रदीप माझ्या दुसऱ्या बाजूला बसला होता. मी काही बोलायच्या आत त्याने फोन खिशात घातला आणि तोही ऐकायला लागला.

ती बाराला थांबली. हसली, जणू काही चुकलं असावं.

आमचा नंबर सहा होता आणि पाचवा पेशंट आत होता. मी तिचा हात धरून तिला उभं केलं. तिची मान पुढे पडली, तेव्हा मी दुसरा हात तिच्या कपाळाला लावला. "हिच्या मिस्टरांना बोलवा," मी प्रदीपला म्हटलं, "आणि त्यांना सांगा, बारा." तो जिन्याकडे निघालाच होता.

कंपाउंडर मध्ये आला. "मॅडम, यांचा नंबर सत्तावीस आहे."

"नाही," मी म्हटलं. "यांचा सहा आहे." आणि दार ढकललं.